स्ट्राइक : शीड उतरवण्यापासून संपापर्यंत

१/
क्रिकेटचा समालोचक फलंदाजाचा 'स्ट्राइक रेट' सांगतो. वृत्तनिवेदक 'एअर स्ट्राइक'ची वार्ता देतो. आणि लंडनच्या एखाद्या स्थानकावरचा फलक 'स्ट्राइक'मुळे गाड्या रद्द झाल्याचे कळवतो. पहिल्या दोन ठिकाणी कोणीतरी जोराने प्रहार करीत आहे. तिसऱ्या ठिकाणी माणसे हात बांधून उभी आहेत. प्रहार आणि प्रहाराचा पूर्ण अभाव या दोहोंना इंग्रजी भाषेत एकच शब्द कसा मिळाला? या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात कमी आणि अठराव्या शतकातील जहाजांवर अधिक सापडते. #धागा #इतिहास

२/
आरंभ मुळापासून करावा लागेल. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'स्ट्रीकान' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ मारणे असा नव्हता. हलकेच हात फिरवणे, चोळणे, पुसणे, सपाट करणे आणि पुढे सरकणे, असे त्याचे सौम्य अर्थ होते. आज ज्या शब्दाने बॉम्बफेकीचे वर्णन होते, त्याचा पूर्वज मांजराच्या पाठीवरून फिरणाऱ्या हाताचे वर्णन करीत असे.

३/
या घराण्यातील इतर भावंडांनी तो सौम्यपणा अजून जपला आहे. जर्मन भाषेतील सगोत्र क्रियापदाचा अर्थ हात फिरवणे, पावाला लोणी लावणे, भिंतीला रंग देणे असा होतो. डच भाषेत त्याच मुळाचा शब्द कपड्यांना इस्त्री करण्यासाठी वापरतात. व्हायोलिनच्या तारांवरून गज ओढण्यालाही डचांकडे तोच शब्द आहे. इंग्रजीतही 'स्ट्रोक' या सख्ख्या बहिणीचे दोन चेहरे आहेत: एक कुरवाळणे आणि दुसरा तडाखा. पक्षाघाताच्या झटक्याला 'स्ट्रोक' म्हणतात, तो या दुसऱ्या अर्थाने.

४/
'पुढे सरकणे' हा जुना अर्थही पूर्णपणे लोपला नाही. १६११ साली इंग्लंडच्या राजाश्रयाने सिद्ध झालेल्या बायबलच्या अनुवादात वयोवृद्ध माणसांचा उल्लेख येतो तेव्हा याच क्रियापदाचे 'स्ट्रिकन' हे रूप वापरलेले दिसते. आजचा वाचक त्याचा अर्थ 'वयाने घायाळ झालेला' असा लावण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तेथे 'वयाच्या वाटेवर पुष्कळ पुढे गेलेला' एवढेच म्हणायचे आहे.

५/
सपाट करण्याचा अर्थ बाजारात टिकला. धान्य मापताना माप शिगोशीग भरायचे, की वरून काठी फिरवून काठोकाठ सपाट करायचे, हा वाद जगातील प्रत्येक बाजाराला ठाऊक आहे. महाराष्ट्रात पायलीने आणि शेराने धान्य मोजले गेले तेव्हाही 'शीग' कोणाच्या पदरात पडते, याला महत्त्व होतेच. इंग्लंडमध्ये काठी फिरवून सपाट केलेल्या मापाला 'स्ट्राइक' झालेले माप म्हणत, आणि काही भागांत धान्याच्या एका मापाचेच नाव 'स्ट्राइक' पडले होते. पुढे १८३० च्या दशकात ब्रिटिश कायद्याने शिगेचे माप रद्दच करून टाकले.

६/
मग हात फिरवणारा शब्द हात उगारणारा कसा झाला? चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत त्याला 'मारणे' हा अर्थ चिकटलेला दिसतो. घासत जाणारी हालचाल जोरकस झाली की तिचा फटका होतो. सुतार रंधा मारतो, गवंडी भिंतीला गिलाव्याचा हात मारतो. मराठीतही 'मारणे' हे क्रियापद नेहमी इजा करतेच असे नाही. इंग्रजीत मात्र हळूहळू हा जोरकस अर्थच मुख्य झाला आणि मूळचा सौम्य अर्थ मागे पडला.

७/
एकदा 'मारणे' हा अर्थ रूढ झाल्यावर त्याला असंख्य फांद्या फुटल्या. घड्याळ तासाचे टोल देते, ते 'स्ट्राइक'. काडेपेटीवर काडी ओढणे, ते 'स्ट्राइक'. खाणीत सोने किंवा जमिनीखाली तेल अचानक हाती लागणे, ते 'स्ट्राइक'. एखादी कल्पना मनात चमकून जाणे, तेही 'स्ट्राइक'. पाहताक्षणी डोळ्यांत भरणारे रूप 'स्ट्रायकिंग' ठरले. या सर्वांमध्ये एक समान धागा आहे: अवचितपणा.

८/
नाणी पाडण्यालाही हाच शब्द आहे, आणि तेथे तो अगदी शब्दशः लागू पडतो. यंत्रे येण्यापूर्वी दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती ठेवून वरून घणाचा घाव घातला जाई. शिवराईसारखी मराठ्यांची नाणीही याच रीतीने तयार होत. इंग्रज त्या घावाकडे पाहून 'स्ट्राइक' म्हणतो. मराठी माणूस टांकसाळीतून खाली पडणाऱ्या नाण्याकडे पाहून 'नाणे पाडणे' म्हणतो. क्रिया एकच आहे. दोन भाषांनी तिची दोन टोके पकडली.

९/
करार करण्यासाठीही इंग्रजीत हेच क्रियापद येते. त्यामागे लॅटिन भाषेची छाया दिसते. प्राचीन रोममध्ये तह ठरला की पुरोहित गारगोटीच्या दगडाने बळीच्या डुकराला ठार मारीत असे. तह मोडणाऱ्यावर देवाचा असाच प्रहार होवो, हा त्यामागचा भाव होता. रोमन इतिहासकार लिव्ही याने या विधीचे वर्णन करून ठेवले आहे. लॅटिनमध्ये म्हणूनच तह 'मारला' जाई. व्यवहार ठरल्यावर हातावर हात मारण्याची रीत या शब्दप्रयोगाला आणखी बळ देऊन गेली.

१०/
येथवरचा प्रवास सरळ आहे. हात फिरला, हात उगारला गेला, घाव बसला. परंतु शेजारीच एक वेगळा अर्थ वाढत होता, आणि या कहाणीचे वळण त्याच्यात दडले आहे. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकापासून खलाशांच्या बोलीत 'स्ट्राइक' म्हणजे खाली उतरवणे. शीड उतरवणे, डोलकाठीवरचा आडवा वासा खाली घेणे, निशाण खाली घेणे. पुढे लष्करात तंबू उतरवण्यालाही हाच शब्द आला. नाटकाचा खेळ संपल्यावर नेपथ्य उतरवतात, त्यालाही इंग्रजी रंगभूमीवर आजतागायत 'स्ट्राइक'च म्हणतात.

११/
समुद्रावर शीड उतरवणे ही केवळ तांत्रिक क्रिया नव्हती. तो नमस्कार होता. बलवान जहाजासमोरून जाताना दुर्बळ जहाजाने वरचे शीड खाली घ्यायचे, हा सागरी शिष्टाचार होता. युद्धात निशाण उतरवले की त्याचा अर्थ शरणागती असाच घेतला जाई. शीड उतरले की जहाजाचा वेग जातो, पळून जाण्याचा मार्ग बंद होतो. 'आम्ही तुमच्या हवाली आहोत' असे सांगण्याची ती समुद्राची भाषा होती.

१२/
या नमस्काराचे मोल किती होते, ते १६५२ साली दिसले. आपल्या भोवतालच्या समुद्रात परकीय जहाजांनी आपल्या निशाणाला अशी मानवंदना द्यावी, असा इंग्लंडचा आग्रह होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात डोव्हरजवळ डच नौदलाचा सेनानी ट्रॉम्प आणि इंग्रज सेनानी ब्लेक आमनेसामने आले. निशाण वेळेवर उतरले नाही, या कारणावरून तोफा सुरू झाल्या. व्यापारी स्पर्धेचे वैर आधीपासून होतेच. पहिले इंग्रज-डच युद्ध पेटले आणि १६५४ च्या तहात डचांना इंग्रज निशाणाला वंदन करण्याचे कलम मान्य करावे लागले.

१३/
म्हणजे सतराव्या शतकात 'स्ट्राइक' हा शब्द सत्तेपुढे वाकण्याचा होता. त्यानंतर जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आत तोच शब्द सत्तेपुढे न वाकण्याचा झाला. ही उलथापालथ कोणा पंडिताने किंवा कवीने घडवली नाही. ती घडवली पगारासाठी भांडणाऱ्या खलाशांनी.

१४/
साल १७६८. इंग्लंडने सात वर्षांचे युद्ध १७६३ साली जिंकले होते, परंतु विजयाचा लाभ सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पोहोचला नव्हता. नौदलातून कमी केलेले खलाशी काम शोधत बंदरांत हिंडत होते. धान्य महागले होते, हिवाळा कडक गेला होता. लंडनमध्ये जॉन विल्क्स या बंडखोर राजकारण्याच्या समर्थनार्थ लोक रस्त्यावर उतरले होते. १० मे रोजी सेंट जॉर्जेस फील्ड्स येथे सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली.

१५/
याच तप्त वातावरणात व्यापारी जहाजांवरील खलाशांनी वेतनवाढीची मागणी केली. उत्तरेकडील संडरलँड या कोळशाच्या बंदरात त्यांनी आपली गाऱ्हाणी जाहीरपणे वाचून दाखवली, मग बंदरातील एकेका जहाजावर चढून त्यांनी शिडांचे आडवे वासे खाली उतरवले. लंडनमध्ये थेम्स नदीवरही खलाशांनी हेच केले. वासे खाली, शिडे खाली, जहाजे जागच्या जागी. 'स्ट्राइक' या शब्दाला कामबंदीचा अर्थ कसा मिळाला, याचे भाषाभ्यासकांमध्ये सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण ते हेच.

१६/
या कृतीतील व्यवहारज्ञान समजून घेण्याजोगे आहे. खलाशांनी जहाज जाळले नाही, बुडवले नाही, मालाला हात लावला नाही. तसे केले असते तर जीविका गेली असती आणि गळ्याला फास लागला असता. त्यांनी फक्त वासे खाली घेतले. असे अवजड वासे पुन्हा वर चढवायला एकदोघे पुरत नाहीत. सारा खलाशीवर्ग दोरावर लागावा लागतो. जहाजमालकाच्या मालकीचे लाकूड, कापड, दोर, माल, सारे काही जागेवर होते. नव्हते ते एवढेच, की ज्यांच्या हातांनी ते चालत असे, त्यांची संमती.

१७/
शीड उतरवणे ही शरणागतीची खूण होती. खलाशांनी ती खूण तशीच ठेवली आणि तिचा अर्थ उलटा केला. शत्रूपुढे निशाण उतरवणारा म्हणतो, 'आता आम्ही तुम्ही सांगाल तेथे जाऊ.' मालकापुढे शीड उतरवणारा म्हणाला, 'आता आम्ही कोठेही जाणार नाही.'

१८/
शब्द लगेच किनाऱ्यावर उतरला. त्या काळच्या घडामोडींचे सालवार संकलन करणारा 'ॲन्युअल रजिस्टर' हा ग्रंथ १७६८ च्या नोंदींमध्ये टोपी बनवणाऱ्या कारागिरांनी मजुरी वाढेपर्यंत काम नाकारल्याचे सांगतो, आणि त्यासाठी हेच क्रियापद वापरतो. टोपीवाल्यांकडे ना शीड होते, ना डोलकाठी. तरीही त्यांनी आपली शिडे 'उतरवली'. एखादा शब्द आपले मूळ दृश्य सोडून दुसऱ्याच्या कामी येऊ लागला की तो खऱ्या अर्थाने भाषेचा झाला, असे समजावे. १८१० च्या सुमारास 'स्ट्राइक' हे या अर्थाचे नामही रूढ झाले.

१९/
शब्दाला मान्यता मिळाली म्हणून कृतीला मिळाली नाही. त्याच १७६८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कोळसा उतरवणाऱ्या मजुरांचा झगडा रक्तरंजित झाला. त्यात खलाशी आणि कोळसा-मजूर एकमेकांवरही तुटून पडले, आणि जुलै महिन्यात सात कोळसा-मजुरांना फासावर चढवण्यात आले. १७९९ आणि १८०० साली ब्रिटिश संसदेने मजुरीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवला. ते कायदे १८२४ साली रद्द झाले, पुढच्याच वर्षी काही बंधने पुन्हा आली. १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना गुप्त शपथ घेऊन संघटना बांधल्याबद्दल सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडले गेले.

२०/
१८८८ साली या शब्दाचे दोन अर्थ एकाच कारखान्यात येऊन भेटले. पूर्व लंडनमधील 'ब्रायंट अँड मे' या काडेपेटीच्या कारखान्यात स्त्रिया आणि मुली काम करीत. कोठेही घासली तरी पेटणारी काडी बनवण्यासाठी पांढरा फॉस्फरस वापरला जाई. त्याच्या वाफांनी जबड्याचे हाड कुजत असे. त्यात भर म्हणून तुटपुंज्या मजुरीतून क्षुल्लक कारणांवरून दंड कापला जाई.

२१/
त्या वर्षीच्या जून महिन्यात एका पत्रकर्तीने या कारखान्यातील स्थिती लेख लिहून उघडकीस आणली. व्यवस्थापनाने कामगार मुलींकडून लेखातील मजकूर खोटा असल्याचे लिहून घेण्याचा प्रयत्न केला. मुलींनी नकार दिला. एका मुलीला कामावरून काढताच जुलैच्या आरंभी सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या. काडी 'स्ट्राइक' करण्यासाठी बनवणाऱ्या हातांनीच 'स्ट्राइक' केला. दोन-तीन आठवड्यांत दंडाची पद्धत बंद झाली आणि विषारी खोलीपासून दूर जेवण्याची सोय मान्य झाली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर ब्रिटनमध्ये बंदी येण्यास मात्र १९१० साल उजाडावे लागले.

२२/
ती पत्रकर्ती म्हणजे ॲनी बेझंट. पुढे भारतात येऊन होमरूल चळवळ उभारणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच. लंडनच्या काडेपेटी-मुलींच्या पाठोपाठ १८८९ साली थेम्सकाठच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स या मागणीसाठी काम थांबवले आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या देणग्यांच्या आधाराने ते जिंकले. १७६८ साली ज्या नदीवर शिडे उतरली होती, ती नदी हीच.

२३/
दुसऱ्या भाषांनी याच कृतीला कोणती नावे दिली, हे पाहणे उद्बोधक आहे. फ्रेंचांचा शब्द 'ग्रेव्ह'. त्याचा मूळ अर्थ नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी 'प्लास द ग्रेव्ह' नावाचा चौक होता. तेथे बेकार मजूर कामाच्या शोधात उभे राहत. आजच्या मजूर-नाक्यासारखीच ती जागा. 'ग्रेव्हवर असणे' म्हणजे आधी काम शोधणे. पुढे त्याचाच अर्थ काम नाकारणे असा झाला. गिलोटिनचा पहिला बळी १७९२ साली याच चौकात गेला होता.

२४/
स्पॅनिश भाषेतील 'उएल्गा' हा शब्द विसावा घेण्याच्या क्रियापदातून आला. त्याच्या मुळाशी भात्यासारखे धापा टाकणे आहे. रशियन शब्दाच्या पोटात 'बास्ता' हा इटालियन उद्गार आहे, म्हणजे 'पुरे!'. जपान्यांनी तर इंग्रजी शब्दच दोनदा उसना घेतला. कामगारांच्या लढ्यासाठी 'सुतोराइकि' आणि बेसबॉलच्या खेळासाठी 'सुतोराइकु'. एकाच शब्दातील दोन अर्थांची गर्दी त्यांना नकोशी झाली असावी. त्यांनी एका स्वराच्या फरकाने दोघांची घरे वेगळी करून दिली.

२५/
बेसबॉलमधील 'स्ट्राइक' तर उलट्या अर्थाचा आणखी एक नमुना आहे. १८४५ च्या नियमांत चेंडूवर बॅट फिरवूनही तो हुकला, तर ते मोजले जाई. १८५८ साली नियम बदलला. चांगल्या चेंडूवर बॅट न फिरवता नुसते उभे राहणाऱ्यालाही पंच 'स्ट्राइक' देऊ लागला. म्हणजे मारण्याचा शब्द न मारण्याच्या चुकीसाठी! क्रिकेटने मात्र मूळ अर्थ जपला. तेथे चेंडूला सामोरा जाणारा तो 'स्ट्रायकर'.

२६/
भारतीय भाषांकडे वळले तर चित्र आणखी रोचक होते. 'हरताळ' हा शब्द 'हाट' म्हणजे बाजार आणि 'ताळे' म्हणजे कुलूप यांच्यापासून आला, असे मानले जाते. तो दुकानदारांचा शब्द, बाजार बंद करण्याचा. एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशाला हाक दिली, ती याच शब्दाने. मराठीत मात्र याच उच्चाराचा दुसरा 'हरताळ' आहे: पिवळे खनिज. हस्तलिखितात चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ फासून अक्षर बुजवीत. गंमत अशी, की लिहिलेले खोडण्याला इंग्रजीत 'स्ट्राइक आउट' म्हणतात. दोन दूरच्या भाषांत संप आणि खोडणे योगायोगाने एकाच उच्चारात शेजारी आले.

२७/
आणि 'संप'? शेजारच्या गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा, मनांचा मेळ. मराठीत तोच उच्चार कामबंदीचा वाचक झाला. इंग्रजी शब्द उतरलेल्या शिडाकडे पाहतो, फ्रेंच शब्द वाळूवर उभ्या असलेल्या मजुराकडे, रशियन शब्द त्याच्या संतापाकडे. 'संप' पाहतो तो माणसांनी एक होण्याकडे. कामबंदी हा परिणाम झाला. एकी ही त्याची पूर्वअट, आणि मराठीचे नाव त्या पूर्वअटीशी नाते सांगते.

२८/
या शब्दाने मुंबईचा इतिहास घडवला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला: शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. लष्कराच्या गोळीबारात माणसे बळी गेली. त्या संपाची दखल दूर युरोपात लेनिनने आपल्या लेखात घेतली. १९२८ साली गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला.

२९/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी पुन्हा संप पुकारला. तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावातील कुटुंबे गावाकडे परतली किंवा मिळेल त्या कामाला लागली, आणि भोंग्याच्या जागी उंच इमारती आल्या. १७६८ च्या खलाशांचे शस्त्र एका गृहीतावर उभे होते: मालकाला जहाज चालायला हवे आहे. जेथे मालकाला गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची वाटू लागते, तेथे उतरवलेले शीड कोणाला अडवणार? शब्द तोच राहिला. त्याच्या पायाखालची भूमी सरकली.

३०/
तरीही हा शब्द कामाच्या जागेपुरता उरला नाही. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप या मताधिकारवादी स्त्रीने लंडनच्या हॉलोवे तुरुंगात अन्न नाकारले आणि तिच्या मागोमाग इतर स्त्रियांनी तो मार्ग धरला. 'हंगर स्ट्राइक'. कैद्याच्या हाती ना शीड, ना यंत्र. उरते ते स्वतःचे शरीर. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांनी ६३ दिवस अन्न नाकारून प्राण ठेवला, तेव्हा या शब्दाचे मोल भारतालाही कळले. १९१५ साली ग्लासगोच्या स्त्रियांनी वाढीव घरभाडे नाकारले, तो 'रेंट स्ट्राइक'. अन्न, भाडे, श्रम: जे देणे दुसऱ्याने गृहीत धरले आहे, ते न देण्याचे हे नाव.

३१/
शब्दाची धार किती, हे कधी कधी तो टाळल्यावर कळते. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी कचेरीतील आणि घरातील सारे काम एक दिवस बाजूला ठेवले. काही स्त्रियांनी त्याला 'संप' म्हणावे असे सुचवले होते. त्या शब्दाने अनेकजणी बिचकतील म्हणून नाव ठेवले 'स्त्रियांचा सुट्टीचा दिवस'. शाळा, कारखाने, वृत्तपत्रे अडखळली. बापांनी मुले कामावर नेली. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला आणि १९८० साली तेथे व्हिगदिस फिनबोगादोत्तिर या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. शब्द मवाळ होता. कृती तीच होती, शीड उतरवण्याची.

३२/
आज वृत्तपत्रांत 'स्ट्राइक'चा जोरकस अर्थच पुढे दिसतो. सप्टेंबर २०१६ पासून तर 'सर्जिकल स्ट्राइक' हा शब्दप्रयोग भारताच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. कोणत्याही झटपट, निर्णायक कृतीला तो लावला जातो. कामबंदीचा अर्थ मात्र अनेकांना केवळ गैरसोयीची बातमी वाटतो: गाडी चुकली, बँक बंद, परीक्षा पुढे. ती गैरसोय खरीच असते. पण गाडी, बँक आणि परीक्षा रोज कोणाच्या हातांनी चालतात, हे एरवी दिसत नाही; ते त्या एका दिवशी दिसते.

३३/
हजार वर्षांत या शब्दाने कुरवाळले, मापे सपाट केली, नाणी पाडली, तह बांधले, शिडे उतरवली, फासावर जाणाऱ्यांची साथ केली. त्याचे बहुतेक अर्थ नकळत बदलत गेले. एकच अर्थ असा, ज्याच्या जन्माचे साल आणि बंदर सांगता येते. संडरलँड आणि लंडन येथे वासे खाली घेणाऱ्या बहुतेक खलाशांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांना किती शिलिंग वाढवून हवे होते, तेही आज फारसे कोणाला आठवत नाही. त्यांनी वापरलेला शब्द तेवढा जगभरच्या कामगारांच्या तोंडी राहिला.

(समाप्त)